मापाचा शर्ट

"ये रे सोमवारी. काम जमलं तर ठेवतो," पलीकडचा माणूस म्हणाला आणि त्याने फोन ठेवून दिला.

टिल्लू फोन हातात धरून जिन्यातच उभा राहिला. 'ये रे' म्हणाला होता तो. चूक त्या माणसाची नव्हती. टिल्लूनेच बोलताना "मी वजनकाट्यांचं काम केलेलं आहे, मी येतो" असं म्हटलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच, अनोळखी माणसाशी, मोठ्याने. शब्द तोंडातून निघून गेले आणि मग त्याला दरदरून घाम फुटला.

अंगाने लहानखुरा म्हणून घरी सगळे त्याला टिल्लू म्हणत. आईच्या आणि मामांच्या लेखी टिल्लू म्हणजे घरातली मुलगी. टिल्लूला मात्र कळायला लागल्यापासून आतून पक्कं ठाऊक होतं, की आपण मुलगा आहोत. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. घरात तो 'आले', 'गेले', 'जेवले' म्हणायचा आणि मनातल्या मनात प्रत्येक वाक्य पुन्हा दुरुस्त करून घ्यायचा. वजनकाट्यांच्या कारखान्यात बायकांच्या रांगेत बसून त्याने काही वर्षं तबकड्या बसवल्या होत्या. तो कारखाना बंद पडला. मग शहराच्या दुसऱ्या टोकाला काटे दुरुस्त करणारी एक कार्यशाळा आहे असं कळलं, आणि त्याने फोन केला.

आता सोमवारी तिथे मुलगा म्हणून हजर व्हायचं होतं. मधे शनिवार आणि रविवार, एवढंच.

शनिवारी सकाळी तो कपड्यांच्या दुकानात गेला. पुरुषांच्या शर्टांसमोर उभं राहताच विक्रेता मागे येऊन उभा राहिला.

"ताई, भावासाठी घेताय?"

"हो."

"माप काय त्याचं?"

"माझ्याएवढाच आहे."

"मग तुम्हीच अंगाला लावून बघा ना. जुळे की काय?" विक्रेता स्वतःच्याच विनोदावर हसला. टिल्लूही हसला, आणि हातात आले तेवढे शर्ट घेऊन कपडे बदलायच्या खोलीत शिरला. कडी लावली. ओढून पाहिली. पुन्हा ओढून पाहिली.

पहिल्या शर्टाची खांद्याची शिवण पार दंडावर उतरली. आरशात शेतातलं बुजगावणं उभं होतं. दुसरा खांद्याला चपखल बसला, पण छातीला आणि कमरेला असा चिकटला की जे झाकायचं तेच ओरडून सांगायला लागला. बाहेरून विक्रेत्याने विचारलं, "ताई, लहान मुलांच्यातलं देऊ का?" आणि दाराखालून एक शर्ट सरकवला. त्याच्या खिशावर डरकाळी फोडणारा वाघ होता. इतकी भीती वाटत असतानाही टिल्लूला हसू फुटलं. वाघ छातीवर घेऊन पहिल्या दिवशी कामाला जायचं म्हणजे कमालच होती.

शेवटी एक सापडला. जाड कापड, गडद चौकडी, दोन्ही बाजूंना खिसे, खालून सरळ कापलेला. बारीक कापड चहाडी करतं आणि जाड कापड तोंड मिटून बसतं, हे त्याला त्या खोलीत कळलं. खिशांमुळे छातीची गोलाई दिसत नव्हती. चौकडीमुळे नजर एका जागी ठरत नव्हती. फक्त बटणं बायकांच्या शर्टाच्या उलट बाजूला होती आणि बोटं सारखी चुकत होती. चारचौघांत शर्टाचं बटण लावताना आपण असे चाचपडलो तर? तो तिथेच उभा राहून बटणं लावत आणि काढत राहिला. अखेर बाहेरून कुणीतरी दार वाजवलं, तेव्हा तो शर्ट घेऊन बाहेर आला.

बूट हा आणखी एक ताप होता. पुरुषांचा सगळ्यात लहान बूटही मोठा झाला. पुढे कापूस कोंबायचा असं त्याने ठरवलं.

केसांचं काम मात्र दुकानातल्या कामाहून अवघड होतं. पार्लरवालीने मागे एकदा बॉयकट करून दिला होता, पण तो बाईचाच बॉयकट होता. कानांपुढे नाजूक बटा, मानेवर निमुळतं टोक. त्यामुळे चेहरा आणखीच कोवळा दिसायचा. पुरुषांच्या सलूनमध्ये जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्याने मुद्दाम घरापासून लांबचं, बाजारामागचं एक सलून निवडलं. नवा शर्ट अंगात होता. आत घट्ट बनियनवर आणखी एक घट्ट बनियन होता, त्यामुळे श्वास अर्धाच आत जात होता. दारासमोरून तो दोनदा पुढे निघून गेला. मग आतून न्हाव्यानेच हाक मारली, "ये ना रे, खुर्ची रिकामी आहे."

खुर्ची उंच होती. पाय जमिनीला टेकेनात. न्हाव्याने गळ्याभोवती कापड आवळून बांधलं, आणि आता उठून पळताही येणार नाही हे टिल्लूच्या लक्षात आलं.

"कसे कापायचे?"

हे त्याने पाठ केलं होतं. "बाजूनं बारीक. वर थोडे ठेवा. मागे सरळ रेघ."

"आणि कल्ले?"

हे पाठ केलं नव्हतं. "ठेवा," तो म्हणाला.

"ठेवतो, पण आहेत कुठे?" न्हावी हसला. शेजारच्या खुर्चीपाशी काम करणारा त्याचा भागीदारही हसला. "काही हरकत नाही. वरच्या केसांतूनच चौकोन काढून देतो. दाढी उगवली की मिळून जाईल."

मशीन सुरू झालं. मानेवरून थंडगार धातू फिरला. कानांपुढच्या बटा कापडावर पडल्या. टिल्लूने डोळे मिटले होते ते उघडले, आणि आरशात त्याला शेजारची खुर्ची दिसली. तिथे एक वयस्क गृहस्थ मान मागे टाकून, गालभर फेस लावून बसले होते. भागीदाराने एका बाजूचा फेस वस्तऱ्याने पुसून काढला, आणि खालून मामांचा चेहरा निघाला.

आईचे थोरले भाऊ. वडील गेल्यापासून घरातलं पान यांच्याशिवाय हलत नव्हतं. ते राहायचे पार तिसरीकडेच. इथे कसे आले, का आले, काहीच कळेना. त्यांचे डोळे मिटलेले होते.

"नवीन दिसतोस," न्हावी म्हणाला. "कुठे राहतोस?"

टिल्लूने खोकल्याचं निमित्त केलं. मघाचं बोलणं मामांनी ऐकलं नसावं, पण आणखी बोलला असता तर त्यांनी डोळे मिटूनही आवाज ओळखला असता.

"बोलत नाही वाटतं. पहिल्यांदाच नोकरीला चाललायस ना? चेहऱ्यावरच लिहिलंय. घाबरू नकोस."

टिल्लूने मान हलवली. न्हाव्याने ती पुन्हा सरळ केली. त्या वेळी मामांनी डोळे उघडले. आरशातून त्यांची नजर फिरत फिरत टिल्लूवर आली आणि थांबली. किती वेळ थांबली कोण जाणे. टिल्लूला वाटलं, आता हे उठतील, कापड ओढतील, सगळ्या सलूनसमोर नाव घेऊन विचारतील. टिल्लूचं अर्धं डोकं भादरलेलं, अर्धं तसंच. दाढी संपली तसे मामा उठले. त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं, चप्पल पायात सरकवली आणि मागे वळून न बघता निघून गेले.

ओळखलं होतं की नव्हतं? रविवारचा सगळा दिवस टिल्लूने या एका प्रश्नावर काढला. जिन्यात पाऊल वाजलं की तो दचकायचा. आईने केस बघून कपाळाला हात लावला. "काय हा अवतार केलास ग! असं भादरतं का कुणी?"

"कामात मधे येतात."

आई त्याच्याकडे बघत राहिली. तिला काहीतरी विचारायचं होतं. मग तिने भाजीचा चाकू उचलला आणि विचारायचं टाळलं.

सोमवारी तो घरातून रोजच्या कपड्यांत निघाला आणि इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे त्याने कपडे बदलले. बटणं या वेळी बरोबर लागली. बसमध्ये एका बाईंनी त्याला "दादा, जरा सरका" म्हटलं, तेव्हा तो इतका घाईने सरकला की पलीकडच्या माणसाच्या पायावर त्याचा पाय पडला.

कार्यशाळा म्हणजे एक लांबट, अंधारी खोली. भिंतीशी काट्यांचे सांगाडे, फळीवर ओळीने लोखंडी वजनं, कोपऱ्यात शिसं वितळवायची छोटी भट्टी. वजन झिजून हलकं झालं की त्याच्या बुडातल्या भोकात शिसं ओतून ते पुन्हा बरोबर करायचं. मालक काउंटरवर आणि आत एकच कामगार. धिप्पाड, गळ्यापर्यंत केसाळ. सगळे त्याला पैलवान म्हणत. भट्टीच्या धगीमुळे तो बनियनवरच असायचा.

"शर्ट काढ, नाहीतर उकडून निघशील," पैलवानाने पहिल्या तासातच सांगितलं.

"नको. लहानपणी भाजलंय अंगावर. डाग आहेत."

"मग काय झालं? इथे काय मुली बघायला येणार आहेत?"

"मलाच लाज वाटते," टिल्लू म्हणाला. पैलवान हसला आणि त्याने विषय सोडला. टिल्लू दिवसभर घामाने भिजला आणि भिजलेला शर्ट अंगाला चिकटू नये म्हणून सारखा पुढून ओढत राहिला. पाणी मात्र प्यायला नाही. प्यायलं तर जावं लागलं असतं, आणि मोरीच्या दाराची कडी तुटलेली होती.

काम चांगलं जमत होतं. त्याचे हात बारीक होते आणि तबकडीचे लहान स्क्रू पैलवानाच्या बोटांत मावत नव्हते. मालकाने दुसऱ्या दिवशी "चांगला आहेस रे" म्हटलं. आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण भीती त्याच्या आधीच येऊन बसलेली होती. जेवणाच्या सुट्टीत पैलवानाने लोणचं मागितलं आणि टिल्लूच्या तोंडून "थांब, देते" निघून गेलं.

पैलवानाचा घास हातात राहिला. "काय म्हणालास?"

"देतो म्हटलं." टिल्लूने लोणच्याची बरणी पुढे केली.

पैलवान चावत चावत त्याच्याकडे बघत होता. "तुला मी कुठेतरी बघितलंय. मोठ्या बाजारात. नाही, तुला नाही. तुझ्यासारखीच एक मुलगी होती. अगदी हेच नाक, हीच उंची. बहीण आहे का तुला?"

"आहे," टिल्लू म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

"काय करते?"

"घरी असते."

"कधीतरी भेटव की." पैलवान डोळा मारून म्हणाला, पण डोळे हसत नव्हते. त्यानंतर तो जाता येता टिल्लूच्या हातांकडे, गळ्याकडे, चालण्याकडे बघायला लागला. टिल्लू चालायचं कसं हेच विसरला. पाय उचलताना विचार करायचा, टेकवताना विचार करायचा. घरी गेल्यावर त्याने ठरवलं, उद्यापासून जायचं नाही. सकाळ झाली आणि तो गेला. का गेला हे त्याला सांगता आलं नसतं. त्या खोलीत दिवसभर त्याला 'रे' म्हणत होते, एवढंच.

त्याच आठवड्यात एका दुपारी मामा आले.

टिल्लू भट्टीशी होता. पळीत वितळलेलं शिसं होतं. दारात उजेडासमोर एक आकृती उभी राहिली आणि त्याने चेहरा दिसायच्या आधीच ओळखलं. आईकडून पत्ता काढला असणार. मामांचा श्वास फुलला होता, जबडा आवळलेला होता. ते घेऊन जायला आले होते. हात धरून, फरफटत.

"काय पाहिजे?" मालकाने विचारलं.

मामांनी बोट टिल्लूकडे केलं. "याला... माझं काम आहे. मी..."

"कोण तुम्ही?"

पैलवान हातोडा घेऊन उठला. काय तमाशा आहे ते बघावं, एवढाच त्याचा हेतू असेल, पण तो उठला तेव्हा खोली लहान झाली. मामांनी त्याच्याकडे बघितलं. मग हातोड्याकडे, उकळत्या शिशाकडे, दाराकडे. आणि टिल्लूकडे. टिल्लूचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मी मामा याचा," मामा म्हणाले. "हा माझा भाचा आहे."

"अरे, मग या ना, बसा!" मालकाने स्टूल पुढे सरकवलं. "गुणी पोरगं आहे तुमचं. हात सोन्याचा आहे."

मामा बसले नाहीत. पैलवान हातोडा टेकवून पुढे आला. "मामा, याची ती बहीण काय म्हणते? मी म्हणत होतो याला, एकदा घेऊन ये म्हणून. हा नुसता लाजतो."

टिल्लूला वाटलं, आता संपलं. मामांना खोटं बोलताना कधी कुणी ऐकलं नव्हतं. बहीण नाहीच, असं ते म्हणणार, आणि मग पैलवान हळूहळू, एकेक गोष्ट जोडत, आपल्याकडे वळणार.

"ती नाही इथे आता," मामा म्हणाले. त्यांचा आवाज घोगरा झाला होता. "लग्न होऊन गेली. लांब."

"असं होय," पैलवान म्हणाला आणि ओशाळून मागे सरला. दुसऱ्याच्या लग्न झालेल्या भाचीविषयी आणखी बोलणं त्यालाही बरं दिसलं नाही.

मालकाने टिल्लूला पाच मिनिटं बाहेर जायला सांगितलं. कार्यशाळेच्या मागच्या बोळात, तुटक्या काट्यांच्या ढिगापाशी मामा थांबले. टिल्लू थोडा लांब उभा राहिला. मारतील, असं त्याला वाटत होतं.

"त्या दिवशी सलूनमध्येच ओळखलं मी तुला," मामा म्हणाले. "आधी वाटलं, भास झाला. मग घरी जाऊन झोपच लागेना."

"मामा..."

"बोलू नकोस. मी तुला न्यायला आलो होतो. घरी नेऊन कडी घालणार होतो. पण तो माणूस हातोडा घेऊन उठला आणि मला वाटलं, मी एक शब्द वाकडा बोललो तर हे इथेच तुझे हाल करतील. म्हणून भाचा म्हणालो. घाबरून म्हणालो. मला पटलंय असं समजू नकोस."

"नाही समजत."

"लहान होतीस तेव्हा खांद्यावर घेऊन फिरवलंय तुला." मामांनी डोळे पुसले आणि पुसल्याचा त्यांनाच राग आला. "त्या पोरीला मी आत्ता, स्वतःच्या तोंडाने, लांब पाठवून आलो. आता तिला परत कुठून आणू मी?"

टिल्लू म्हणाला, "मी इथेच आहे, मामा."

मामांनी टिल्लूच्या शर्टाची मुडपलेली कॉलर पुढे होऊन सरळ केली, हात झटकन मागे घेतला आणि बोळातून निघून गेले. त्यानंतर बरेच महिने ते घरी आले नाहीत.

आईला मात्र त्यांनी सगळं सांगितलं होतं. टिल्लू संध्याकाळी घरी पोचला तेव्हा त्याने कपडे बदलले नव्हते. टाकीमागे जायचं त्राणच उरलं नव्हतं. आईने दार उघडलं, त्याला वरून खालपर्यंत बघितलं आणि बाजूला झाली. ती रडली, भांडली, दोन दिवस बोलली नाही. 'लोक मारून टाकतील' एवढं एकच वाक्य ती पुन्हा पुन्हा म्हणायची. त्यालाही तेच वाटत होतं.

पैलवानाचं बघणं हळूहळू कमी झालं. पूर्ण थांबलं नाही. टिल्लूने मोरीच्या दाराला स्वतःच नवी कडी बसवली आणि तेव्हापासून तो दुपारी पाणी प्यायला लागला. भीती गेली नाही. बसमध्ये, दुकानात, नवं कुणी कार्यशाळेत आलं की, ती परत यायचीच. पण तिच्यासकट काम करता येतं, हे त्याला समजलं.

थंडीच्या दिवसांत अंधार लवकर पडायला लागला, तशी आई संध्याकाळी रस्त्याच्या वळणावर येऊन थांबायला लागली. का थांबतेस, असं त्याने विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. तो बसमधून उतरायचा, ती दिसायची, दोघं घरी जायची.

एके दिवशी रस्त्यावरचे दिवे गेले होते. टिल्लू वळणापर्यंत आला तेव्हा आई भिंतीला अगदी चिकटून उभी होती आणि तिने हातातली पिशवी छातीशी गच्च धरली होती.

"काय झालं, आई?"

"काही नाही." तिने श्वास सोडला. "लांबून कुणी माणूस सरळ माझ्याच अंगावर चालत येतोय असं वाटलं. जीव नुसता घाबरून गेला."

"मीच होतो."

"हो, जवळ आलास तेव्हा कळलं," आई म्हणाली. टिल्लूने तिच्या हातातली पिशवी घेतली, आणि दोघं अंधारातून घराकडे चालू लागली.